विदर्भातल्या गावात बोर्ड गेम आणि भूमिका-खेळांचा छंद: नवख्यांसाठी मार्गदर्शक

पत्ते, कॅरम, सारीपाट आणि अष्टचंग यांच्या पलीकडे पटावरच्या खेळांची एक मोठी दुनिया गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उभी राहिली आहे. जर्मनीत १९७९ पासून ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार दिला जातो. १९९५ साली तो क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ या खेळाला मिळाला आणि त्यानंतर मोठ्या माणसांनी संध्याकाळी टेबलाभोवती बसून खेळण्याचा हा प्रकार जर्मनीबाहेर झपाट्याने पसरला. त्याच्याही आधी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला होता. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि सगळे मिळून तोंडी गोष्ट रचतात. हा लेख यांपैकी काहीच न खेळलेल्या वाचकांसाठी आहे, आणि त्यातही यवतमाळ, वाशीम, भंडारा किंवा गडचिरोलीकडच्या अशा गावांतल्या वाचकांसाठी, जिथून खेळांचे दुकान शंभर किलोमीटरवर असते आणि बस दिवसातून दोनदा येते. गावात हा छंद महागड्या पेटीवाचून अडत नाही, नियम आधी नीट वाचून येणाऱ्या एका माणसावाचून अडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो माणूस तुम्हीच होणार आहात असे धरून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी पहिली: माणसे आणि वेळ

सुरुवातीला चार माणसे पुरतात आणि सहा झाली तर उत्तम. नऊ जमली तर सरळ दोन गट करावेत, कारण आपली पाळी येईपर्यंत वीस मिनिटे नुसता बसून राहिलेला माणूस पुढच्या वेळी काहीतरी निमित्त काढतो.

वेळ ठरवताना शेतीचे कॅलेंडर समोर ठेवावे. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि चुरणे, त्यापाठोपाठ गहू-हरभऱ्याचे ओलीत, अशा रांगेत दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस जातात, आणि पंपाची वीज रात्रपाळीला असली की जागरण खेळासाठी उरत नाही. छंदाचे खरे दिवस दोन आहेत. एक म्हणजे चैत्र-वैशाखातली बारा ते चारची दुपार, जेव्हा उन्हामुळे बाहेर पडताच येत नाही. दुसरे म्हणजे पावसाची झड लागून शेतात पाय टाकता येत नाही ते दिवस. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली मुले दिवाळीला आणि उन्हाळ्यात परततात, तेव्हा गट एकदम मोठा होतो आणि ती गेल्यावर तितकाच लहान होतो. म्हणून पहिले काही खेळ तीनपासून सहापर्यंत कितीही माणसांत चालणारे निवडावेत.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रात्री पारावर बसायचे ठरवले की गावातल्या मुली आणि बाया आपोआप वगळल्या जातात. दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर, वाचनालयात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात बसले तर त्या येऊ शकतात, आणि बचत गटाची बैठक संपल्यावर तिथेच पट मांडता आला तर त्याहून सोपे काही नाही.

पायरी दुसरी: पहिली बैठक, खर्चाविना

पहिल्या बैठकीसाठी काहीही विकत घेऊ नये. घरातला पत्त्यांचा कॅट आणि वहीची चार पाने एवढ्यात दोन उत्तम खेळ होतात.

पहिला खेळ ‘माफिया’. मॉस्को विद्यापीठात शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६ साली तो तयार केला. आपण राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या टाकत मोठे झालो असल्याने तो समजावायला पाच मिनिटे लागतात. समजा खेळणारे नऊ आहेत आणि तुम्ही वेगळे, सूत्रधार. दोन काळे एक्के आणि सात लाल पत्ते पिसून वाटा. एक्का मिळालेले दोघे दरोडेखोर, बाकीचे गावकरी. पत्ता कोणी कोणाला दाखवायचा नाही. ‘रात्र झाली’ म्हटले की सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग फक्त दरोडेखोर डोळे उघडून एकमेकांना ओळखतात, खुणेने एक बळी निवडतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ‘सकाळ झाली’ म्हटल्यावर सूत्रधार बळीचे नाव सांगतो आणि तो खेळाडू बाहेर जातो. उरलेल्यांनी चर्चा करून, हात वर करून, एका संशयिताला बाहेर काढायचे. दोन्ही दरोडेखोर बाहेर गेले की गाव जिंकले; दरोडेखोरांची संख्या गावकऱ्यांएवढी झाली की दरोडेखोर जिंकले. या खेळात जी धाडसी वकिली ऐकायला मिळते ती ग्रामसभेतही मिळत नाही. फक्त लवकर बाहेर गेलेल्यांना फार वेळ तंगवत ठेवू नये. दिवसाच्या चर्चेला घड्याळ लावून पाच मिनिटांची मर्यादा घालावी.

दुसरा खेळ २०१५ साली आलेल्या ‘कोडनेम्स’च्या धर्तीवर घरी मांडता येतो. पंचवीस चिठ्ठ्यांवर एकेक मराठी शब्द लिहा आणि पाच ओळी, पाच रांगा अशा मांडा. दोन गट करा. प्रत्येक गटातून एक सांगणारा निवडा. दोन्ही सांगणाऱ्यांसमोर एक छोटा नकाशा असतो आणि त्यात कोणता शब्द कोणाचा हे लिहिलेले असते: सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कोणाचेच नाहीत आणि एक घातकी, ज्याला हात लावला की डाव तिथेच हरला. सांगणाऱ्याने एक शब्द आणि एक आकडा एवढेच बोलायचे. समजा मांडणीत ‘वर’, ‘हार’, ‘पान’, ‘कळ’, ‘बांध’, ‘माळ’ असे शब्द आहेत आणि तो म्हणाला, ‘लग्न, तीन’. त्याचा गट वर आणि हार लगेच उचलतो आणि तिसऱ्यासाठी भांडत बसतो: विड्याचे पान की गळ्यातली माळ? शब्द निवडताना असे दोन-तीन अर्थांचे जितके जास्त घ्याल तितका खेळ रंगेल. लहान मुलेही यात मोठ्यांच्या बरोबरीने खेळतात.

पायरी तिसरी: पहिली विकतची पेटी

दोन-तीन बैठका टिकल्या आणि लोक स्वतःहून ‘पुन्हा कधी?’ विचारू लागले, तरच पेटी घ्यावी, आणि तीही वर्गणी काढून. परदेशी खेळ महाग पडतात. ऑनलाइन मागवताना तुमच्या पिनकोडवर पोच मिळते का हे आधी पाहावे. मिळत नसल्यास तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यावा.

पहिल्या पेटीसाठी माझी निवड ‘कार्कासोन’ आहे. २००० साली आलेला हा खेळ दोन ते पाच जणांचा आहे आणि पाऊण तासात संपतो. त्याच्या ७२ फरशांवर एकही इंग्रजी वाक्य नाही, ही आपल्याकडे फार मोठी सोय आहे. पाळी आली की एक फरशी उचलायची, रस्त्याला रस्ता आणि तटबंदीला तटबंदी जुळेल अशी लावायची, आणि हवे तर आपला एक लाकडी माणूस तिच्यावर ठेवायचा. फरशा कडेला कड लागून पसरत जातात आणि समोर एक मुलूख तयार होतो. शेतात आडवा ठेवायचा शेतकरी हा यातला सर्वांत अवघड भाग असल्याने पहिल्या डावात तो नियम गाळावा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. शेतकऱ्यांच्या गावात शेतकऱ्यालाच वगळून सुरुवात करणे जरा विचित्र वाटेल, पण सल्ला योग्य आहे.

त्यानंतरची पेटी गटाचा स्वभाव पाहून घ्यावी. ज्यांना घासाघीस आवडते त्यांच्यासाठी ‘कटान’: तीन किंवा चार खेळाडू, षटकोनी १९ फरशा, आणि लाकूड, वीट, लोकर, गहू, धातू या पाच मालांची देवाणघेवाण. दोन फाशांची बेरीज ज्या आकड्याची येईल त्या फरशीवर माल पिकतो, म्हणून जागा निवडताना आकडे पाहावेत: छत्तीस शक्यतांपैकी सहा आणि आठ प्रत्येकी पाचदा येतात, दोन आणि बारा एकेकदाच. सात सर्वांत जास्त, म्हणजे सहादा, पण सात आले की दरोडेखोर हलतो आणि सातपेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात. आठवडी बाजारात वाढलेली माणसे पहिल्याच डावात असे सौदे करतात की नियमावली लिहिणाऱ्याला सुचले नसते.

ज्या घरांत हरण्यावरून रुसवे-फुगवे होतात तिथे सगळ्यांनी मिळून खेळाविरुद्ध लढण्याचा प्रकार घ्यावा. २००८ साली आलेला ‘पँडेमिक’ त्यातला सर्वांत प्रसिद्ध. पण मेंढीकोट खेळणाऱ्या गावाला मी ‘द क्रू’ सुचवीन. २०१९ च्या या खेळात चार रंगांचे एक ते नऊ आकड्यांचे पत्ते आणि हुकमाचे चार पत्ते, असे एकूण चाळीस पत्ते असतात. उतारी, हात आणि हुकूम हे सगळे आपल्या ओळखीचे. नवे एवढेच की सगळे एकमेकांचे भिडू असतात आणि ठरावीक पत्ता ठरावीक खेळाडूनेच जिंकावा लागतो, तोही आपल्या हातातल्या पत्त्यांविषयी जवळजवळ काहीच न बोलता. दश्शी वाचवण्यात आयुष्य घालवलेल्या काकाजींना यात शिकवण्यासारखे फार काही उरत नाही. पुढचे डाव तेच शिकवतात.

विकत घेण्याआधी खेळ चाखून पाहायचा असेल तर २०१० पासून चालू असलेल्या ‘बोर्ड गेम अरीना’ या संकेतस्थळावर बरेच खेळ ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतात. मोबाइलचा छोटा पडदा आणि गावातले नेटवर्क पाहता याला मी नियम शिकण्याचे साधन मानतो, बैठकीची जागा ते घेऊ शकत नाही. काही प्रकाशक स्वतःच्या खेळांच्या छापण्याजोग्या प्रती मोफत देतात. त्या झेरॉक्स दुकानात छापून, जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून कापल्या तर पत्ते चांगले ताठ होतात. सोंगट्यांसाठी चिंचोके, बाटलीची टोपणे आणि कवड्या चालतात. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी वापरू नका. त्यांचे बी विषारी असते, आणि खेळात लहान मुले असतील तर एखादे तोंडात जायला वेळ लागत नाही.

पायरी चौथी: नियम सांगणे

बहुतेक गट इथेच मोडतात. नवी पेटी सगळ्यांसमोर उघडून नियमावली मोठ्याने वाचायला घेणे ही सर्वांत वाईट सुरुवात आहे. चौथ्या पानाला कुणी फोनवर असतो आणि सहाव्याला म्हशी आठवतात.

नियमावली आदल्या दिवशी एकट्याने दोनदा वाचावी: पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा पट मांडून आणि दोन-तीन खेळाडूंच्या पाळ्या स्वतःच खेळून. जिथे अडाल तिथे खूण करा आणि यूट्यूबवर तेवढाच भाग पाहा. मग एका कागदावर मराठीत तीन गोष्टी लिहा: जिंकतो कोण, पाळी आल्यावर काय काय करता येते, आणि खेळ कधी संपतो. बैठकीत याच क्रमाने सांगावे. लोक पाळीपासून सुरुवात करतात आणि जिंकायचे कसे ते शेवटी सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधीचे सगळे कशासाठी होते ते कळलेलेच नसते. अपवाद आणि बारकावे सुरुवातीला सांगूच नयेत. तो प्रसंग पटावर आला की सांगावेत, आणि त्यामुळे कुणाचे नुकसान झाले असेल तर ती चाल मागे घेऊ द्यावी.

सांगणे दहा मिनिटांच्या वर जाऊ नये. पहिली फेरी सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून खेळावी आणि ती मोजू नये. पेटीवर पंचेचाळीस मिनिटे लिहिले असेल तर पहिल्या वेळी दीड तास धरा. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर मागे मोजून सुरुवात करा, कारण बॅटरीच्या उजेडात रंग ओळखण्यावरून वाद होतात. घरचे नियम पहिल्या काही डावांत अजिबात घालू नयेत. ‘आपण असे करू’ म्हणून बदललेला नियम बहुधा तोच असतो ज्यावर सगळ्या खेळाचा तोल उभा असतो.

आणि खेळताना सूत्रधाराने जिंकण्याच्या मागे लागू नये. शिकवणाराच पहिल्या डावात जिंकला की बाकीच्यांना वाटते, याने काहीतरी सांगायचे ठेवले होते.

पायरी पाचवी: पैसा, फासे आणि वडीलधारी मंडळी

गावात पत्ते आणि फासे दिसले की जुगाराची शंका येणे स्वाभाविक आहे, आणि पोळा-दिवाळीच्या दिवसांत ती जास्तच येते. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे, पण पैसा लागला की आपला खेळ कौशल्याचा होता हे सिद्ध करत बसण्याची वेळ कुणावरही येऊ नये. म्हणून पैसा नाही, आणि ‘हरला तो चहा पाजेल’ एवढेही नाही. दार उघडे ठेवा, खेळ दिसेल असा बसा, आणि पहिल्या आठवड्यातच घरातल्या किंवा गल्लीतल्या एका जाणत्या माणसाला डावात घ्या. एकदा त्यांनी कार्कासोनमध्ये कुणाचा रस्ता अडवला की पुढे कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

पायरी सहावी: भूमिका-खेळ

बोर्ड गेम रुळले की भूमिका-खेळाकडे वळावे. उलट क्रमानेही चालते, कारण याला खर्च जवळजवळ शून्य आहे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो आणि खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. एखाद्या कृतीचा निकाल खरोखरच अनिश्चित असेल तेव्हा फासा टाकतात. कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके पाहणाऱ्या किंवा दंडारीत स्वतः सोंग घेतलेल्या माणसाला भूमिका घेणे नवे नाही. नवे हे की इथे संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव अशा सहा गुणांचे आकडे असतात. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात गुणाची भर घालायची आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठायचा. पंधरा गाठायचे असतील आणि भर तीनची असेल, तर फाशावर बारा किंवा अधिक हवेत, म्हणजे वीसपैकी नऊ शक्यता. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तो फुकट उतरवता येतो आणि मूळ श्रेय देऊन त्याचा मराठी अनुवादही कायदेशीरपणे करता येतो. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवरचा फासा वापरा, किंवा एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढा. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायला मात्र विसरू नका, नाहीतर शक्यताच बदलतात.

तरीही पहिल्या बैठकीसाठी हा नियमसंच मला जड वाटतो. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातली पद्धत नवख्यांना जास्त मानवते, आणि तिला लुडोचे दोन फासे पुरतात. दोन्ही फाशांची बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होते पण काहीतरी किंमत मोजावी लागते. सहा किंवा खाली आली तर नवे संकट उभे राहते. छत्तीसपैकी पूर्ण यश सहा वेळा, मधला निकाल पंधरा वेळा आणि संकट पंधरा वेळा असे प्रमाण पडते. जे काम त्या पात्राच्या हातचे आहे त्यात एक मिळवा. मग यश दहा, मधला निकाल सोळा आणि संकट दहा वेळा येते. जे काम मुळीच जमत नाही त्यात एक वजा करा. पात्रासाठी वहीचे अर्धे पान पुरते: नाव, काम, हातची दोन कौशल्ये, एक कमजोरी, जवळची एक वस्तू आणि जिवापाड जपायचे एक माणूस. शेवटची ओळ कुणी टाळत असेल तर टाळू देऊ नका. गोष्टीतला अर्धा ताण तिथूनच येतो.

कथा रचताना ड्रॅगनच्या मागे जाण्याची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर सरकारी कागदांत ते माजी मालगुजारी, म्हणून लोकांच्या तोंडी मामा तलाव झाले. अशा एका तलावाची पाळ पहाटेपर्यंत फुटणार आहे, अशी कथा धरा. खालच्या अंगाला ज्यांची घरे आहेत ते म्हणतात, आत्ताच पाणी सोडून द्या. वरच्या बांध्यांत ज्याचे धान उभे आहे तो मालगुजार एक थेंब सोडू देत नाही. खेळाडू चौघे: मालगुजाराचा गडी, एक वैदू, एक गुराखी आणि मुक्कामाला आलेला दंडारीतला नट. एक जागा, एक मुदत आणि एकमेकांविरुद्ध इच्छा असलेली दोन माणसे, एवढी तयारी असली की सूत्रधाराला शेवट ठरवण्याची गरज नाही, आणि ठरवूही नये.

प्रत्यक्षात ते असे दिसते. सूत्रधार म्हणतो, ‘तुम्ही पाळीवर पोहोचलात. पाण्याचा आवाज येतो आहे, पण पाणी कुठूनच वाहताना दिसत नाही. काय करता?’ गुराख्याची खेळाडू म्हणते, ‘मी कंदील बाजूला ठेवते आणि मातीला कान लावते.’ कान तयार असणे हे गुराख्याचे कौशल्य, म्हणून एक मिळवायचा. फाशांवर तीन आणि चार पडतात, एक मिळून आठ. सूत्रधार सांगतो, ‘आवाज पाळीच्या आतून येतो आहे. उंदरांनी पोखरलेल्या बिळातून पाणी शिरले आहे. पण तू वाकलीस आणि कंदील उतारावरून घरंगळला. आता अंधार आहे, आणि खालून कुणीतरी विचारते, वर कोण आहे?’ यात फाशाने फक्त दिशा दिली. सूत्रधाराचे कौशल्य किंमत निवडण्यात आहे. ‘जमले नाही, पुन्हा टाक’ हे उत्तर कधीही देऊ नये. प्रत्येक फाशानंतर परिस्थिती बदललीच पाहिजे. आणि जिथे अपयशाने काही विशेष घडणार नसेल, तिथे फासा टाकायलाच लावू नये. झाडावर चढायचे आहे, कुणी मागे लागलेले नाही, तर चढला म्हणून सांगावे आणि पुढे जावे.

आपल्याकडे एक पेच हमखास येतो. पुतण्याचे पात्र सेनापती आणि काकांचे पात्र शिपाई असेल तर पुतण्याने हुकूम कसा द्यावा? सुरुवातीलाच ठरवून टाकावे की पात्र बोलत असेल तेव्हा पात्राच्या नावाने हाक मारायची आणि खेळाडू बोलत असेल तेव्हा ‘काकाजी’च म्हणायचे. पहिला अर्धा तास सगळे चाचरतात, नंतर काकाजीच ‘जी सरकार’ म्हणून सलाम ठोकतात.

कथेत गावातली खरी माणसे, खऱ्या बांधाचे भांडण किंवा कुणाच्या जातीची टवाळी येऊ देऊ नये. गावाचे नाव बदलले तरी ऐकणारे ओळखतात. त्याहून महत्त्वाचे असे की कर्ज, नापिकी आणि आत्महत्या हे विषय आपल्या भागात कुणाच्या तरी घरातले असू शकतात. सुरू करण्याआधी, शक्यतो एकेकट्याला, कोणता विषय नको ते विचारावे. शिवाय टेबलाच्या मधोमध एक कोरा पत्ता ठेवावा. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे, आणि कारण विचारायचे नाही.

महिनोन् महिने चालणाऱ्या कथेचा मोह सुरुवातीला आवरा. सुट्टी संपून दोन खेळाडू बसमध्ये बसले की ती अर्धवट राहते. अडीच-तीन तासांत संपणारी कथा निवडा. शेवटचा अर्धा तास उरला की मुदत जवळ ओढा, पहाट होऊ द्या. पुढच्या वेळी तेच गाव, तोच तलाव, पण दुसरी पात्रे आणि दुसरा सूत्रधार असे करता येते. एकच माणूस कायम सूत्रधार राहिला तर त्याला कधी खेळायला मिळत नाही आणि तो आजारी पडला की बैठक बंद पडते.

पायरी सातवी: पेटीची निगा

उन्हाळ्यातला मुख्य शत्रू कूलर आहे. त्याची हवा थेट पटावर आली की पत्ते उडतात, आणि उडाले नाहीत तरी दमट हवेने वाकडे होतात. कूलरच्या आडव्या बाजूला बसा आणि खेळ संपताच पत्ते रबर न लावता, वर जड पुस्तक ठेवून दाबून ठेवा. खर्रा घोटलेल्या हाताचा तपकिरी डाग पत्त्यावरून निघत नाही आणि मग तो पत्ता उलटा असला तरी सगळ्यांना ओळखू येतो. साबणाने हात धुतल्याशिवाय पत्ते वाटू नयेत हा नियम पाहुण्यांनाही लावा. तर्री-पोहे डाव संपल्यावर.

पुठ्ठ्याची पेटी वाळवी आणि उंदीर दोघांनाही आवडते, म्हणून खेळ पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवावा. गावातल्या वाचनालयाच्या कपाटात जागा मिळाली तर सगळ्यांना नेता-आणताही येतो. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुट्या भागांची यादी आकड्यांसह चिकटवा: फरशा ७२, लाकडी माणसे प्रत्येक रंगाची किती, फासे किती. डाव मोडताना यादीप्रमाणे मोजून भरायचे काम त्या दिवशी जिंकलेल्याकडे द्या. एखादा लाकडी माणूस हरवलाच तर त्या रंगाने रंगवलेला चिंचोका त्याच्या जागी चालतो, पण फरशी हरवली तर लगेच चटईखाली आणि दाराच्या फटीत शोधा. ती दुसऱ्या दिवशी झाडूने बाहेर गेलेली असते.